आयनद्रायू उत्सर्जन वर्णपटमापक : पर्यावरणीय परीक्षणासाठी निवड

पाणी, माती, राख, नदीतील गाळ किंवा हवेतील धूलिकण यांच्या नमुन्यात कोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत, हे अतितप्त आयनद्रायूत त्या मूलद्रव्यांनी उत्सर्जित केलेल्या प्रकाशावरून ठरविणाऱ्या उपकरणास आयनद्रायू उत्सर्जन वर्णपटमापक म्हणतात. ज्यातील काही अणूंचे आयन व मुक्त इलेक्ट्रॉन झालेले असतात अशा विद्युत् संवाहक वायूस आयनद्रायू ही संज्ञा असून व्यवहारात त्यास प्लाझ्मा असेही म्हणतात. एकाच नमुन्यातील पंचवीस-तीस मूलद्रव्यांचे मापन या उपकरणाने काही मिनिटांत होते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात पर्यावरणीय प्रयोगशाळांतील ते एक प्रमुख उपकरण बनले. तथापि कोणत्याही मापकाची दृष्टी मर्यादित असते. प्रयोगशाळेने कोणता मापक निवडला यावर त्या प्रदेशातील कोणता धोका अहवालात नोंदला जाईल आणि कोणता नजरेआड राहील हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या उपकरणाचा विकास व त्याच्या निवडीची तत्त्वे यांचा विचार चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

वर्णपटमापनाचा उगम : योझेफ फोन फ्राउनहोफर (१७८७–१८२६) यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांची पद्धतशीर नोंद केली. या रेषांचा अर्थ मात्र १८५९–६० मध्ये गुस्टाफ किर्खहोफ (१८२४–८७) व रोबेर्ट बुन्सेन (१८११–९९) यांच्या संशोधनाने उलगडला. प्रत्येक मूलद्रव्य तापविले असता ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश देते व तो प्रकाश त्या मूलद्रव्याची निर्विवाद ओळख असतो, हे त्यांनी दाखविले. याच पद्धतीने त्यांना १८६० मध्ये सिझियम व १८६१ मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये सापडली.

या शास्त्राच्या इतिहासात भारताला दोन कारणांनी स्थान आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी प्येअर झांसेन (१८२४–१९०७) यांनी आंध्रातील गुंटूर येथून सौर ज्वालांच्या तेजस्वी रेषांचे निरीक्षण केले. त्या काळातील निरीक्षणांत दिसलेली एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा तिच्या मूलद्रव्यास हीलियम हे नाव देण्यात आले. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. मेघनाद साहा (१८९३–१९५६) यांनी १९२० मध्ये आयनीभवनाचे समीकरण मांडले. विशिष्ट तापमानाला व दाबाला एखाद्या मूलद्रव्याच्या अणूंचा किती अंश आयनरूपात असेल, हे या समीकरणावरून काढता येते. ताऱ्यांच्या वातावरणासाठी मांडलेले हे समीकरण पुढे प्रयोगशाळेतील आयनद्रायूलाही लागू पडले. मँगॅनिजाची किंवा शिशाची कोणती रेषा मापनासाठी घ्यावी आणि ती किती प्रखर असेल, हे समजून घेण्यासाठी आजही साहा यांच्या समीकरणाचाच आधार घेतात.

ज्योतीच्या साहाय्याने केलेले मापन सोडियम, पोटॅशियम यांसारख्या सहज उत्तेजित होणाऱ्या मूलद्रव्यांना पुरेसे ठरले. इतर धातूंसाठी विद्युत् प्रज्योत किंवा ठिणगी वापरीत. परंतु तिचे तापमान अस्थिर असल्याने परिमाणात्मक निष्कर्ष काढणे कठीण जाई. १९५५ मध्ये ॲलन वॉल्श (१९१६–९८) यांनी ऑस्ट्रेलियात आणवीय शोषण वर्णपटमापनाची पद्धती मांडली. तीत मूलद्रव्याने दिलेल्या प्रकाशाऐवजी त्याने शोषून घेतलेला प्रकाश मोजतात. ही पद्धती सोपी व तुलनेने स्वस्त असल्याने भारतातील प्रयोगशाळांतही ती रुजली. मात्र प्रत्येक मूलद्रव्यासाठी साधारणपणे वेगळा दिवा लावावा लागत असल्याने एका नमुन्यातील वीस धातू मोजण्यास पुष्कळ वेळ लागतो.

आयनद्रायूचा वापर : टी. बी. रीड यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत उच्च कंप्रतेच्या विद्युत् प्रवाहाने प्रवर्तित होणारी, वाहत्या आर्गॉन वायूची आयनद्रायू ज्योत तयार केली. तिचा हेतू उच्च तापमानाला वितळणाऱ्या पदार्थांचे स्फटिक वाढविणे हा होता. रासायनिक विश्लेषणातील तिचे महत्त्व इंग्लंडमध्ये स्टॅन्ली ग्रीनफील्ड व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये, तर अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात रिचर्ड वेंट व व्हेल्मर फॅसेल (१९१९–९८) यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी अशी उपकरणे बाजारात येऊ लागली.

उपकरणाचा गाभा म्हणजे एकात एक बसविलेल्या तीन क्वॉर्ट्झ नळ्यांची मशाल होय. तिच्या टोकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते व त्यातून २७ किंवा ४० मेगॅहर्ट्झ कंप्रतेचा प्रवाह सोडतात. वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आर्गॉनातील मुक्त इलेक्ट्रॉन वेगाने फिरू लागतात, त्यांच्या आघातांनी आणखी अणूंचे आयन होतात आणि सुमारे ६,००० ते १०,००० केल्विन तापमानाचा स्थिर आयनद्रायू निर्माण होतो. नमुन्याच्या विद्रावाचे सूक्ष्म तुषार मधल्या नळीतून या आयनद्रायूत जातात. तेथे पाणी उडून जाते, क्षार विघटित होतात आणि सुटे झालेले अणू व आयन आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतात. विवर्तन जालकाने हा प्रकाश विभागून प्रत्येक रेषेची प्रखरता मोजतात व ज्ञात प्रमाणाच्या विद्रावांशी तिची तुलना करतात.

आरंभीच्या उपकरणांचे दोन प्रकार होते. एकात वीस-तीस ठराविक रेषांसमोर तितक्याच प्रकाशगुणक नलिका कायमच्या बसविलेल्या असत. हे उपकरण जलद असे, पण खरेदीच्या वेळी जी रेषा मागितली नाही ती पुढे कधीच पाहता येत नसे. दुसऱ्या प्रकारात एकच नलिका रेषांमागून रेषा तपासीत जाई; त्यात लवचिकपणा होता, पण वेळ व आर्गॉन अधिक लागे. १९९० नंतरच्या दशकात घनावस्था अभिज्ञातक आल्यावर संपूर्ण वर्णपट एकाच वेळी टिपणे शक्य झाले आणि रेषेची निवड मापनानंतरही करता येऊ लागली.

प्रदेशाची पार्श्वभूमी : पूर्वीच्या चांदा म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. वर्धा व वैनगंगा या नद्यांचा संगम होऊन बनणारी प्राणहिता पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. त्यामुळे या दोन जिल्ह्यांत पाण्यात मिसळलेले द्रव्य अखेरीस एकाच प्रवाहात जाते. गडचिरोलीचे सुमारे ७० टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या वनाबरोबरच वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खाणी, चुनखडकावर आधारलेले सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना, मँगॅनिज मिश्रलोहाचा कारखाना आणि १९८३–८४ पासून वीजनिर्मिती करणारे महाऔष्णिक केंद्र आहे. जुने दोन संच बंद झाल्यानंतर या केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगॅवॉट राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ येऊन ते देशात चौथ्या क्रमांकावर होते.

खनिजांचे रासायनिक परीक्षण या प्रदेशाला नवीन नाही. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाविषयीचा फोन श्वार्ट्‌झ यांचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांच्या वाचनात आला व पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात बळावली. वरोऱ्याचा कोळसा परीक्षणासाठी जर्मनीस पाठविण्यात आला. परंतु लोह गाळण्यास तो योग्य नसल्याचा निष्कर्ष निघाला. खाणकामाच्या तत्कालीन अटीही जाचक होत्या. पोलादाचा कारखाना पुढे १९०७ नंतर साकची म्हणजे आजच्या जमशेदपूर येथे उभा राहिला. एका परीक्षणाच्या निष्कर्षाने प्रदेशाचे भवितव्य कसे बदलते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय. त्या काळी प्रश्न एवढाच होता की, जमिनीतून काय काढता येईल. काढलेल्या व जाळलेल्या द्रव्यातून पाण्यात काय उतरले, हा प्रश्न विचारला जाण्यास आणखी जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली.

कायदे व मर्यादा : जपानमधील मिनामाता येथील पाऱ्याची विषबाधा १९५६ मध्ये अधिकृतपणे उघडकीस आली. कॅडमियमामुळे होणारा हाडांचा वेदनादायी विकार हा प्रदूषणजन्य असल्याचे तेथील शासनाने १९६८ मध्ये मान्य केले. पाण्यातील अत्यल्प धातूही मनुष्यास पंगू करू शकतात, हे या घटनांनी जगाला पटले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम संमत केला व ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना केली. केंद्राचा १९७४ चा जल अधिनियम राज्यात १ जून १९८१ पासून स्वीकारण्यात आला. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. कालांतराने राज्य मंडळाची एक प्रादेशिक प्रयोगशाळा चंद्रपूर येथेही उभी राहिली.

उपकरणाची निवड ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असते, ती म्हणजे कायद्याने ठरविलेली मर्यादा होय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या १९९१ च्या आवृत्तीत शिशाची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, कॅडमियमाची १० व आर्सेनिकाची ५० होती. २०१२ च्या आवृत्तीत स्वीकार्य मर्यादा अनुक्रमे १०, ३ व १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७९ मध्ये आयनद्रायू उत्सर्जनाची जी प्रमाण पद्धती प्रस्तावित केली, तीत शिशाची अंदाजित शोध-मर्यादा लिटरमागे ४२ मायक्रोग्रॅम, कॅडमियमाची ४ आणि आर्सेनिकाची ५३ दिली होती. शोध-मर्यादा म्हणजे जिच्याखाली मूलद्रव्याची खूण उपकरणाच्या स्वतःच्या चढउतारांपासून वेगळी ओळखता येत नाही, अशी पातळी होय. खात्रीचा आकडा देण्यासाठी प्रत्यक्ष प्रमाण त्याहून काही पट अधिक असावे लागते.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले असता निवडीचा प्रश्न स्पष्ट होतो. तशा क्षमतेचे उपकरण १९९१ च्या मर्यादेत शिशाच्या बाबतीत जेमतेम पुरे पडले असते. २०१२ नंतर तेच उपकरण, त्यात कोणताही बिघाड न होता, शिसे, कॅडमियम व आर्सेनिक या तिन्हींसाठी अपुरे ठरते. मँगॅनिजाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याची शोध-मर्यादा २ मायक्रोग्रॅम, तर पाण्यातील स्वीकार्य मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणून अगदी साध्या आयनद्रायू मापकानेही ते निर्धोकपणे मोजता येते. अमेरिकेतही हाच अनुभव आला. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकाची मर्यादा १० मायक्रोग्रॅम करणारा तेथील नियम जानेवारी २००६ मध्ये लागू झाला आणि त्या तपासणीसाठी आयनद्रायू उत्सर्जन पद्धतीची मान्यता संपुष्टात आली.

नमुन्यांची प्रकृती : शुद्ध पाण्यात मिळणारी अचूकता राखेच्या किंवा गाळाच्या विद्रावात आपोआप मिळत नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते व त्या राखेत सिलिका, ॲल्युमिनियम आणि लोह यांची ऑक्साइडे विपुल असतात. शिशाच्या मापनासाठी सामान्यतः २२०.३५३ नॅनोमीटरची रेषा वापरतात. परंतु ॲल्युमिनियम पुष्कळ असल्यास त्या ठिकाणची पार्श्वभूमीच उजळते व नसलेले शिसे असल्याचा भास होतो. कॅडमियमाच्या दोन संवेदनशील रेषांजवळ लोहाच्या रेषा येतात. तिसरी, २२८.८०२ नॅनोमीटरची रेषा घ्यावी, तर आर्सेनिकाची २२८.८१२ नॅनोमीटरची रेषा तिला जवळजवळ चिकटलेली असते. म्हणून राखेचे परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेस उत्तम विभेदनक्षमता असलेला, प्रत्येक मूलद्रव्याच्या दोन-तीन रेषा तपासू देणारा व परस्परबाधेची दुरुस्ती करणारा मापक आवश्यक असतो. एकाच मूलद्रव्याच्या दोन रेषांवरून मिळालेली उत्तरे जुळली नाहीत, तर त्यांपैकी किमान एका रेषेवर दुसऱ्या मूलद्रव्याची छाया आहे असे समजतात.

आयनद्रायूकडे कोणत्या दिशेने पाहावे, हाही निवडीचा एक भाग आहे. बाजूने पाहिल्यास प्रकाशाचा थोडा भाग मिळतो, पण क्षारयुक्त विद्रावांची बाधा कमी असते. अक्षाच्या दिशेने पाहिल्यास शोध-मर्यादा साधारण पाच ते दहा पटींनी सुधारते; मात्र कॅल्शियम व सोडियम यांसारखी सहज आयनीभूत होणारी मूलद्रव्ये निष्कर्ष बिघडवितात. कोरपना–राजुरा या चुनखडकाच्या पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असू शकते. तेथे दुसरा दोष विशेष लक्षात घ्यावा लागतो. दोन्ही दिशांनी पाहण्याची सोय असलेला मापक महाग असला, तरी एकाच छपराखाली विहिरीचे पाणी व राखेचा विद्राव असे दोन्ही तपासणाऱ्या प्रयोगशाळेला तोच उपयुक्त ठरतो.

मापकाच्या दृष्टीपलीकडील द्रव्ये : चंद्रपूर जिल्ह्याच्या व शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असते. भारतीय मानकाप्रमाणे त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालवून घेतात. अतिरिक्त फ्ल्युओराइडामुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात व दीर्घकाळ असे पाणी पिणाऱ्यांची हाडे आणि सांधे कायमचे ताठरतात. आर्गॉनाच्या आयनद्रायूत मात्र फ्ल्युओरीन व्यवहारतः दिसत नाही. आर्गॉनाच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर फ्ल्युओरिनासाठी ती १७.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे फ्ल्युओरिनाला पुरेसे उत्तेजित करण्याइतकी ऊर्जा या आयनद्रायूत नसते. शिवाय त्याच्या प्रमुख रेषा नेहमीच्या उपकरणाच्या कक्षेबाहेरील दूरच्या जंबुपार भागात पडतात. फ्रँट व रॉस यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलेला लँथॅनम फ्ल्युओराइडाच्या स्फटिकाचा विद्युत् अग्र हे काम आयनद्रायू मापकाच्या किमतीच्या अल्पशा अंशात करतो. केवळ मोठा वर्णपटमापक घेऊन हा विद्युत् अग्र न घेणारी प्रयोगशाळा तीस धातूंचे आकडे देईल. गावकऱ्यांच्या हाडांवर परिणाम करणारे द्रव्य मात्र तिच्या अहवालात येणारच नाही.

पाऱ्याची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. कोळशात पारा अत्यल्प असला, तरी जाळल्या जाणाऱ्या कोळशाची राशी प्रचंड असल्याने त्याची दखल घ्यावी लागते. त्यासाठी हॅच व ऑट यांनी १९६८ मध्ये मांडलेली शीत बाष्प पद्धती वा तत्सम जोडणी लागते. आयनद्रायू मूलद्रव्याचे एकूण प्रमाण सांगतो, त्याचे रूप सांगत नाही, हीही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. क्रोमियमाचे षट्‌संयुजी रूप विषारी, तर त्रिसंयुजी रूप तुलनेने सौम्य असते; परंतु १०,००० केल्विनच्या जवळपास दोन्हींतील भेद पुसला जातो. तो कळण्यासाठी नमुना आयनद्रायूत जाण्यापूर्वीच दोन्ही रूपे वेगळी करावी लागतात किंवा रंगमापनाची पद्धती वापरावी लागते.

आर्सेनिकाचा विचार या प्रदेशात वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. गडचिरोलीच्या पूर्वेस लागून असलेल्या, तत्कालीन मध्य प्रदेशातील राजनांदगाव जिल्ह्याच्या कौडीकसा परिसरात भूजलातील आर्सेनिकाने लोक बाधित झाल्याचे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा भाग आता छत्तीसगडमधील मोहला–मानपूर–अंबागड चौकी जिल्ह्यात मोडतो. तेथे आर्सेनिक खडकातून पाण्यात उतरलेले आहे. जेथे कारखाना नाही तेथे धातूंची तपासणी अनावश्यक, हा समज त्यामुळे टिकत नाही. वनांनी वेढलेल्या गावाचा हातपंप खडकाच्या भेगांतूनच पाणी घेतो आणि भूशास्त्रीय रचना जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाचे खाणकाम २०२१ नंतर वाढत गेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांब्याचे धातुक आहे. अशा ठिकाणी खाणकामापूर्वीच्या पाण्याचे आकडे उपलब्ध नसतील, तर नंतर आढळलेला धातू खडकातला की खाणीतला हा वाद सुटणे कठीण होते.

‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ : परीक्षणाच्या अहवालात मूलद्रव्यापुढे पुष्कळदा ‘आढळले नाही’ असा शेरा असतो. त्याचा शास्त्रीय अर्थ ‘शोध-मर्यादेपेक्षा कमी’ एवढाच आहे. एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम शिसे असेल, तर ४२ मायक्रोग्रॅम शोध-मर्यादेच्या मापकावर ‘आढळले नाही’ असाच शेरा येईल. प्रत्यक्षात ते आजच्या मर्यादेच्या तिप्पट असेल आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होत राहील. म्हणून शेऱ्यासोबत शोध-मर्यादेचा आकडा छापलेला असणे आवश्यक असते. तो कायद्याच्या मर्यादेपेक्षा मोठा असल्यास त्या अहवालावरून पाणी निर्दोष ठरविता येत नाही. ग्रामपंचायतीस किंवा सामान्य वाचकासही ही तुलना सहज करता येण्याजोगी आहे.

पर्यायी उपकरणे : कमी मर्यादांसाठी तीन मार्ग उपलब्ध आहेत. ग्रॅफाइट भट्टीचे आणवीय शोषण लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या आसपास शिसे व कॅडमियम मोजते. पण एका वेळी साधारणतः एकच मूलद्रव्य पाहता येते. आर्सेनिकाचे हायड्राइड वायूत रूपांतर करून तो आयनद्रायूत किंवा शोषणमापकात सोडल्यास त्याची शोध-मर्यादा पुष्कळ सुधारते. तिसरा मार्ग आयनद्रायू द्रव्यमान वर्णपटमापकाचा आहे. १९८० मध्ये हौक, फॅसेल व सहकारी यांनी मांडलेल्या आणि १९८३ पासून बाजारात आलेल्या या उपकरणात प्रकाशाऐवजी आयनांचे वस्तुमान मोजतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक व युरेनियम यांचे प्रमाण मायक्रोग्रॅमच्या अंशापर्यंत त्याने कळते. तथापि त्याची किंमत व देखभाल खर्चिक आहे. जास्त क्षार असलेले विद्राव त्यास पुष्कळ पातळ करून द्यावे लागतात. तसेच आर्गॉन व क्लोरीन यांचा संयुक्त आयन आर्सेनिकाच्याच ७५ या वस्तुमानावर येत असल्याने त्याचीही दुरुस्ती करावी लागते.

स्थानिक परिस्थिती : उपकरणाच्या माहितीपत्रकात न दिसणारे काही प्रश्न येथे निर्णायक ठरतात. आयनद्रायू मापकास दर मिनिटास सुमारे १५ ते १८ लिटर आर्गॉन लागतो. सात घनमीटर वायूचा एक सिलिंडर या हिशेबाने साडेसहा ते पावणेआठ तास, म्हणजे जेमतेम एका कामाच्या दिवसास पुरतो. द्रवरूप आर्गॉन स्वस्त पडतो. पण न वापरताही तो बाष्परूपाने कमी होत जातो आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. जेथे नमुने रोज येत नाहीत तेथे ही गळती मोठी असते. उपकरणाच्या खोलीचे तापमान स्थिर राहिले नाही, तर प्रकाशीय भाग किंचित प्रसरण पावून रेषा जागेवरून सरकतात. वीजपुरवठा क्षणभर खंडित झाला तरी आयनद्रायू विझतो व प्रमाणीकरण पुन्हा करावे लागते. २०११ पासून हवेतील नायट्रोजनावर चालणारे सूक्ष्मतरंग आयनद्रायू मापक बाजारात आले. त्यांचे तापमान सुमारे ५,००० केल्विन असते व संवेदनशीलता मर्यादित असते. परंतु जेथे आर्गॉन पोचविणे दुष्कर आहे, अशा ठिकाणी लोह, मँगॅनिज, तांबे व जस्त यांसाठी ते विचारात घेण्याजोगे आहेत.

अंतर ही गडचिरोलीची मोठी अडचण आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून फार दूर आहे. सुदैवाने बहुतेक धातूंचे नमुने टिकाऊ असतात. नायट्रिक अम्ल घालून नमुन्याचे पीएच मूल्य २ च्या खाली आणले, तर तो सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतो. पाऱ्याच्या बाबतीत ही मुदत २८ दिवसांची आहे. अम्ल न घालता पाठविलेल्या नमुन्यातील धातू बाटलीच्या आतील बाजूस चिकटून बसतात. हातपंपाचे पाणी काही वेळाने तांबूस होऊन तळाशी गाळ बसतो, तोही विद्राव्य लोह अवक्षेपित झाल्यामुळेच होय. अशा नमुन्याचे उत्तर कितीही भारी उपकरणावर चुकीचेच येते. विरघळलेले धातू मोजावयाचे असल्यास अम्ल घालण्यापूर्वी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून पाणी गाळून घेतात. यावरून असे दिसते की, तालुक्यातालुक्यांत महाग मापक ठेवण्याची गरज नाही. प्रशिक्षित नमुना-संकलक, शुद्ध अम्ल व स्वच्छ बाटल्या मात्र सर्वदूर हव्यात. फ्ल्युओराइड व पीएच यांसारख्या परीक्षा स्थानिक प्रयोगशाळेत आणि धातूंच्या परीक्षा एका सुसज्ज मध्यवर्ती प्रयोगशाळेत, अशी विभागणी या प्रदेशास अधिक योग्य आहे.

निवडीचा क्रम : वरील विवेचनावरून निवडीचा क्रम ठरविता येतो. प्रथम त्या प्रदेशातील खडक, उद्योग व आरोग्याच्या तक्रारी पाहून तपासावयाच्या द्रव्यांची यादी करावी. नंतर प्रत्येक द्रव्यापुढे कायद्याची मर्यादा लिहून उपकरणाची शोध-मर्यादा तिच्या निदान एक-पंचमांश आहे का हे पाहावे. विक्रेत्याचे आकडे बहुधा शुद्ध पाण्यातील असल्याने खरेदीपूर्वी स्थानिक नमुन्यावरच चाचणी घ्यावी. राखेच्या विद्रावात शिशाची ज्ञात मात्रा मिसळून ती परत मिळते का, हे तपासणे हा त्याचा सोपा मार्ग होय. आर्गॉन, वातानुकूलन, सुटे भाग व प्रशिक्षित रसायनज्ञ यांचा दहा वर्षांचा खर्च मूळ किमतीत मिळवावा. मर्यादा भविष्यात आणखी खाली येणार हे गृहीत धरावे, कारण आजवरचा अनुभव तसाच आहे.

या क्रमाने पाहता चंद्रपूर–गडचिरोलीसाठी दोन्ही दिशांनी पाहणारा आयनद्रायू उत्सर्जन मापक राख, गाळ, सांडपाणी आणि लोह–मँगॅनिज यांसाठी उपयुक्त ठरतो. पिण्याच्या पाण्यातील शिसे, कॅडमियम व आर्सेनिक यांसाठी द्रव्यमान वर्णपटमापक किंवा ग्रॅफाइट भट्टी व हायड्राइड जोडणी, पाऱ्यासाठी शीत बाष्प पद्धती आणि फ्ल्युओराइडासाठी साधा विद्युत् अग्र यांची त्यास जोड द्यावी लागते. यांपैकी सर्वांत स्वस्त साधन येथील सर्वांत व्यापक दोषावर नजर ठेवते, हे खरेदीची यादी करताना प्रथम लक्षात घेतले पाहिजे.